दख्खनच्या पठारावर सापडलेला वेगळा दगड ओळखायचा कसा

काळा, जड आणि चुंबकाला ओढ देणारा दगड शेतात सापडला की पहिला अंदाज ठरलेला असतो: उल्का. बहुतेक वेळा तो साधा बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक, निघतो. दगडाच्या पोकळीत लखलखीत स्फटिक दिसला की हिरा नाहीतर गारगोटी (क्वार्ट्झ) म्हणून मोकळं व्हायचं, आणि तो असतो ॲपोफिलाइट किंवा कॅल्साइट नावाचं वेगळंच खनिज. गडबड क्रमाची असते. नाव आधी सुचतं आणि मग प्रत्येक खूण त्या नावाच्या बाजूनं वाचली जाते. म्हणून या लेखाचा आग्रह एकच: नाव शेवटी. आधी पाच-सहा गोष्टी मोजायच्या, वहीत लिहायच्या आणि प्रत्येक तपासणीनंतर कोण कोण बाद झालं ते पाहायचं.

दगड उचलण्याआधी

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग दख्खनच्या बेसॉल्टनं झाकलेला आहे. हा लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर असा साचत गेला. याचा व्यवहारातला अर्थ असा की साताऱ्याच्या किंवा बीडच्या रानात अभ्रकानं चमचमणारा, ठिपक्याठिपक्यांचा ग्रॅनाइट मिळाला तर तो तिथला नाही. ओट्याच्या फरशीचा तुकडा, रेल्वेची खडी, कुठून तरी आणलेला भराव, यांपैकी काहीतरी असणार. उलट पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीकडे, तसंच सिंधुदुर्गात आणि गोव्यात बेसॉल्टहून कितीतरी जुने खडक उघडे पडलेले आहेत. तिथं उमेदवारांची यादी वेगळी लागते.

त्यामुळे सापडल्याची जागा ही पहिली नोंद. मोबाइलवर अक्षांश-रेखांश टिपा, गावाचं नाव लिहा, जमला तर गट नंबरही. दगड मूळ खडकात घट्ट होता, नदीच्या गोट्यांत होता, विहिरीच्या खोदकामातून वर आलेल्या ढिगात होता की नुसता नांगरटीत वर आला होता, हे आवर्जून नोंदवा. विहिरीचा ढीग हे झिओलाइट (बेसॉल्टच्या पोकळ्यांत वाढणाऱ्या स्फटिकी खनिजांचा एक गट) मिळण्याचं उत्तम ठिकाण, कारण तो दगड नुकताच खालून आलेला आणि न झिजलेला असतो. नदीतला गोटा मात्र कुठून वाहत आला ते सांगता येत नाही. आजूबाजूचे आणखी दोन-तीन साधे दगडही सोबत घ्या. वेगळा दगड नेमका कशापासून वेगळा, हे त्यांच्याशी ताडूनच कळतं.

लोणारच्या विवरातून, लेण्यांच्या परिसरातून किंवा राखीव जंगलातून काहीही उचलायचं नाही. चालू दगडखाणीत मालकाच्या परवानगीशिवाय जायचं नाही आणि पावसाळ्यात खाणीच्या भिंतीखाली तर उभंही राहायचं नाही.

लागणारं सामान

दहापट मोठं दाखवणारं भिंग, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, लहान दगडांसाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला काटा, दोऱ्याला बांधलेलं चुंबक, खिडकीच्या काचेचा तुकडा, लोखंडी खिळा, पोलादी कानस, झिलई नसलेली पांढरी टाइल, पांढरं व्हिनेगर, ड्रॉपर आणि रंगकाम करणारे वापरतात तो वॉटर पेपर (२२०, ४०० आणि ६०० नंबरचा). टाइल मिळाली नाही तर चिनी मातीच्या पांढऱ्या कपाच्या बुडाची खरखरीत कडा चालते. भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवायचं आणि दगड भिंगाकडे आणायचा. हात लांब करून भिंग दगडावर धरलं तर निम्मंही दिसत नाही.

लगेच धुऊ नका

आधी शेजारी पट्टी ठेवून चारही बाजूंनी फोटो काढा. मग कोरड्या, मऊ टूथब्रशनं माती झाडा. त्यानंतर पाणी, पण दोन अपवाद सोडून. पांढऱ्या केसांचे गोळे दिसत असतील तर ते ओकेनाइट नावाचं खनिज असू शकतं. पाणी लागलं की त्याचे तंतू एकमेकांना चिकटून बसतात आणि पुन्हा कधीच मोकळे होत नाहीत. दुसरा अपवाद उल्केचा: संशय असेल तर थेंबभरही पाणी नको, कारण आतलं लोखंड गंजतं.

लोमोंटाइट नावाचं झिओलाइट न धुताही दगा देतं. खाणीतून निघताना ते चांगलं पारदर्शक असतं. कोरड्या हवेत त्यातलं पाणी उडतं, स्फटिक पांढरा पडतो आणि बोट लावताच भुगा होतो. घरी आणलेला नमुना आठवड्याभरात असा विस्कटू लागला तर तीही एक ओळखच आहे, वहीत लिहून ठेवा.

ताजा पृष्ठभाग

दगडाची कातडी खोटं बोलते. बेसॉल्ट हवा-पाण्यानं झिजतो तेव्हा बाहेरून तांबूस-तपकिरी होतो, कांद्यासारख्या पापुद्र्यांनी सुटत जातो आणि मधला गोल गाभा उरतो. तोच गाभा लोक उल्का म्हणून किंवा डायनासोरचं अंडं म्हणून घरी आणतात. काळ्या मातीत पडलेल्या दगडावर चुन्याचा पांढरा लेप चढतो तो वेगळाच. यातलं काहीही मूळ दगडाचं नाही.

म्हणून एका कोपऱ्याची टवकी काढायची. पाथरवटाचा हातोडा वापरा. सुताराच्या हातोडीच्या तोंडाचेच कपचे उडतात. डोळ्यांवर चष्मा हवाच. फोडण्याआधी दगड जाड कापडात गुंडाळा. नमुना सुंदर असेल, स्फटिकांचा असेल, तर फोडू नका. मागच्या बाजूनं किंवा तळाशी नखाएवढी जागा वॉटर पेपरनं घासली तरी काम होतं.

ताज्या फुटीवर भिंगातून तीन गोष्टी पाहा. कण दिसतात की एकसंध काळं दिसतं? फुटलेली बाजू सपाट आरशासारखी चमकते की शिंपल्यासारखी वळणदार आहे? आणि बारीक गोल छिद्रं आहेत का? सपाट चमक म्हणजे खनिजाला पाटन आहे, ठरावीक दिशेनं ते फुटतं. शंखाकार वळण गारगोटीत, अकीकात आणि काचेत दिसतं. छिद्रं म्हणजे वायू बाहेर पडलेला लाव्हा, किंवा भट्टीतली मळी, म्हणजे वितळून थिजलेला टाकाऊ भाग.

कठिनता

कठिनता म्हणजे ओरखडा न पडू देण्याची ताकद, ती मोह्सच्या १ ते १० या मापावर सांगतात. नखाची कठिनता सुमारे २.५, लोखंडी खिळ्याची ४ ते ४.५, खिडकीच्या काचेची ५.५, चांगल्या कानशीची ६.५. पुस्तकांत तांब्याच्या नाण्याचा ३.५ आकडा दिलेला असतो, पण आजची एक-दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत, त्यांना तो आकडा लागू नाही. तांबं हवंच असेल तर वायरची जाड तार सोलून घ्या.

काच टेबलावर सपाट ठेवा, हातात धरू नका. दगडाचं ताजं टोक तिच्यावर दाबून एक सेंटिमीटर ओढा. मग ओल्या बोटानं पुसा. रेघ पुसली गेली तर ती दगडाचीच भुकटी होती, म्हणजे दगड काचेहून मऊ. राहिली आणि नख अडकलं तर दगड कठीण. हीच तपासणी उलटीही करा, दगडावर खिळा ओढून. दोन्ही उत्तरं जुळली तरच आकडा लिहा.

इथं एक अडचण येते. वालुकाश्मासारख्या कणांच्या दगडात खिळा कण ओरखडत नाही, तो कण उपटतो, आणि गारगोटीच्या कणांचा दगड मऊ वाटतो. कण ज्या खनिजाचा आहे त्याची कठिनता हवी असेल तर एकच कण निवडून त्यावर टोक टेकवावं लागतं.

कस

टाइलवर दगड घासून उमटलेल्या भुकटीचा रंग म्हणजे कस. धातूंच्या खनिजांसाठी हा रंग दगडाच्या बाह्य रंगापेक्षा कितीतरी भरवशाचा. लोखंडाचं खनिज हेमॅटाइट बाहेरून पोलादी काळं दिसलं तरी कस तांबडा-तपकिरी उमटतो. मॅग्नेटाइटचा कस काळा, गोथाइटचा पिवळट-तपकिरी. सोन्यासारखं दिसणारं पायराइट हिरवट-काळी रेघ सोडतं, सोनं सोनेरीच.

टाइलची कठिनता ७ च्या आसपास असते. गारगोटी किंवा अकीक घासला तर पांढरी भुकटी दिसते ती टाइलची. अशा वेळी वहीत ‘कस पांढरा’ लिहू नका, ‘टाइलला ओरखडा’ लिहा.

वजन: घरातली सगळ्यांत कामाची तपासणी

‘जड वाटतो’ याला किंमत नाही. विशिष्ट गुरुत्व, म्हणजे दगड तेवढ्याच घनफळाच्या पाण्याच्या किती पट जड आहे ते, मोजायला दहा मिनिटं लागतात आणि निम्म्याहून अधिक उमेदवार बाद होतात.

कोरडा दगड काट्यावर ठेवून वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवा, दगड पूर्ण बुडेल आणि पाणी सांडणार नाही एवढंच भरलेलं. काटा शून्यावर आणा. दगडाला बारीक नायलॉनचा दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला आणि कडेला टेकू देऊ नका. दोरा हातातच धरा. काट्यावर आता जो आकडा दिसतो तो दगडानं बाजूला सारलेल्या पाण्याचा, म्हणजे दगडाच्या घनफळाचा. पहिल्या वजनाला या आकड्यानं भागा.

समजा दगड १८६ ग्रॅमचा आहे आणि बुडवल्यावर काटा ६४ दाखवतो. १८६ भागिले ६४ म्हणजे २.९१. हा ताज्या बेसॉल्टचा आकडा, तो २.८ ते ३.० मध्ये बसतो. दुसरा दगड ४१२ ग्रॅमचा, बुडवल्यावर ८३. उत्तर ४.९६. बेसॉल्ट बाद, उल्केच्या नेहमीच्या प्रकारातली दगडी उल्काही बाद. उरले हेमॅटाइट, मॅग्नेटाइट, मँगनीजची धातुकं आणि पायराइट. आता कस पाहिला की यादी आणखी आखूड होते.

ताडून पाहायला काही आकडे: झिओलाइट बहुतेक २.१ ते २.३, ॲपोफिलाइट २.३ ते २.४, काच २.५ च्या आसपास, गारगोटी २.६५, कॅल्साइट २.७१, प्रेह्नाइट २.८ ते २.९५, दगडी उल्का साधारण ३.३ ते ३.८, बॅराइट ४.५, मॅग्नेटाइट ५.२, गॅलेना ७.५, लोखंडी उल्का ७ ते ८.

चुका होतात त्या अशा. एका ग्रॅमपर्यंतच मोजणाऱ्या काट्यावर २० ग्रॅमचा खडा मोजला आणि घनफळ ७ आलं, तर एका ग्रॅमच्या फरकानं उत्तर २.५ ते ३.३ पर्यंत कुठंही जातं. म्हणजे मोजलं नाही तरी चाललं असतं. अशा काट्यावर १०० ग्रॅमहून लहान दगड मोजू नका, खिशातला काटा घ्या. दगडाला चिकटलेले हवेचे बुडबुडे घनफळ वाढवून दाखवतात. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला की ते सुटतात. जांभ्यासारखा सच्छिद्र दगड पाणी पीत राहतो आणि आकडा थरथरत खाली येतो. त्याला आधी मेणाचा पातळ थर द्यावा लागतो, नाहीतर त्या दगडासाठी ही तपासणी सोडून द्यावी. आणि स्फटिक मूळ खडकाला चिकटलेला असेल तर येणारा आकडा दोघांच्या मिश्रणाचा, स्फटिकाचा नव्हे.

चुंबक आणि आम्ल

चुंबक दोऱ्याला टांगून दगडाजवळ न्या. खडकावर थेट चिकटवून पाहण्यापेक्षा असं टांगलेलं चुंबक बारीक ओढही दाखवतं. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइटचे सूक्ष्म कण असतातच, त्यामुळे चुंबक त्याच्याकडे झुकतं. महाराष्ट्रात ‘चुंबकाला ओढ आहे’ एवढ्यावरून काहीही सिद्ध होत नाही. ओढ अजिबात नसेल तर मात्र ती माहिती उपयोगी, कारण नेहमीच्या उल्का जवळजवळ सगळ्या ओढ दाखवतात.

आम्लाची तपासणी कॅल्साइटसाठी. प्रयोगशाळेत सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरतात. घरी व्हिनेगर पुरतं, फक्त दगडाची चिमूटभर भुकटी करून तिच्यावर थेंब टाकायचा आणि भिंगातून पाहायचं. बारीक बुडबुडे सलग निघाले तर कार्बोनेट. फरशी धुण्याचं आम्ल आणून प्रयोग करू नका. त्याची तीव्रता ठाऊक नसते आणि वाफ घशात जाते. झिओलाइटच्या चांगल्या नमुन्यावर तर कुठलंच आम्ल नको, चमक कायमची जाते. वर सांगितलेला चुन्याचा लेप इथं हमखास फसवतो: बेसॉल्ट फसफसला असं वाटतं आणि फसफसतो लेप. भुकटी नेहमी ताज्या भागाची घ्या.

पोकळीतले स्फटिक

दख्खनची खरी श्रीमंती इथं आहे. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले, पुढं त्या पोकळ्यांतून खनिजयुक्त पाणी फिरलं आणि स्फटिक वाढले. पुण्याजवळ वाघोली आणि पाषाण, तसंच नाशिक आणि जळगाव भागातल्या खाणींचे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पोकळीच्या भिंतीवर हिरवा मातकट थर असतो तो तांब्याचा नाही, सेलाडोनाइट नावाच्या मऊ खनिजाचा.

पारदर्शक स्फटिकासमोर सगळ्यांत जास्त घोटाळा गारगोटी, ॲपोफिलाइट आणि कॅल्साइट या तिघांत होतो. भिंग घ्या आणि स्फटिकाच्या उभ्या बाजू पाहा. गारगोटीच्या बाजू सहा, त्यांवर आडव्या बारीक रेघा. ॲपोफिलाइटचा आडवा छेद चौकोनी, बाजूंवरच्या रेघा उभ्या, आणि डोकं सपाट असेल तर त्यावर मोत्यासारखी झाक. तो झाकेचा पृष्ठभाग हलवून पाहिला की एका कोनात अख्खा उजळतो, बाकीच्या बाजू मात्र काचेसारख्याच राहतात. हे एकदा पाहिलं की विसरत नाही. कॅल्साइट तिरक्या चौकटींत फुटतं, कोन ७५ आणि १०५ अंशांचे, आणि व्हिनेगरला प्रतिसाद देतं. त्याचा स्वच्छ तुकडा छापील ओळीवर ठेवला तर ओळ दोनदा दिसते. कठिनताही निर्णय देते: कॅल्साइट ३, ॲपोफिलाइट ४.५ ते ५, गारगोटी ७. म्हणजे काचेवर ओरखडा उठवणारी तिघांत एकटी गारगोटी.

शंकू किंवा चौकोनी खांब नसून पातळ पत्र्यांच्या जुड्या असतील, मध्ये बांधलेल्या पेंढीसारख्या दोन्ही टोकांना फुललेल्या, तर स्टिल्बाइट. रंग पांढरा, मलईसारखा किंवा फिकट नारिंगी. ह्यूलँडाइटचे स्फटिक जाडसर, मधे रुंद आणि टोकांकडे निमुळते, रुंद पृष्ठावर मोत्याची झाक. दोन्हींची कठिनता ३.५ ते ४, त्यामुळे ती तपासणी इथं निरुपयोगी. आकारच पाहावा लागतो. चॅबाझाइट जवळजवळ घनाकृती दिसतं आणि कॅल्साइट समजलं जातं, पण आम्लात फसफसत नाही.

एका केंद्रातून पसरलेल्या पांढऱ्या सुया मिळाल्या तर स्कोलेसाइट, मेसोलाइट किंवा नेट्रोलाइट. या तिघांतला फरक घरी कळत नाही, कोणी फोटोवरून छातीठोकपणे सांगितला तरी. चिठ्ठीवर ‘सुयांचं झिओलाइट’ लिहा आणि पुढं जा. तंतुमय खनिज कुठलंही असो, त्याची कोरडी पूड करू नका, फुंकरही मारू नका. एरिओनाइट या तंतुमय झिओलाइटच्या धुळीमुळे तुर्कस्तानातल्या कप्पाडोक्यात फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग झाल्याचं सिद्ध झालेलं आहे.

गर्द निळ्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या गुच्छांचं कॅव्हनसाइट वाघोलीच्या खाणींमुळेच संग्राहकांच्या आवाक्यात आलं. ते बहुधा स्टिल्बाइटवर बसलेलं असतं. निळं दिसलं म्हणून ॲझुराइट म्हणू नका: ॲझुराइट फसफसतं आणि त्याचं विशिष्ट गुरुत्व ३.८ च्या जवळ, कॅव्हनसाइटचं २.३ च्या आत.

फोडल्यावर आतून स्फटिक दिसणारे गुलाबी, जांभळे, मोरपिशी गोळे पर्यटनस्थळांवर विकायला असतात. ओकेनाइटचे केस निसर्गात पांढरे असतात, त्यामुळे गुलाबी किंवा हिरवे दिसले तर रंगवलेले. गारगोटीच्या गोळ्यात भेगांमध्ये रंग जास्त गडद साचलेला दिसतो. नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोननं कापसाचा बोळा ओला करून घासला की बऱ्याचदा रंग कापसावर उतरतो.

उल्केची शंका असेल तर

काटोल परिसरात २२ मे २०१२ रोजी उल्कापात झाला तेव्हा नागपूर जिल्ह्यात लोकांनी मोठा आवाज ऐकला आणि पुढं तुकडे मिळाले. ते दगडी उल्केचे, सामान्य काँड्राइट (आत बारीक गोल दाणे असलेल्या दगडी उल्का) गटातले. पडताना पाहिलेल्या उल्कांत सुमारे ८० टक्के याच गटातल्या असतात, म्हणून तपासणीही हाच गट डोळ्यांसमोर ठेवून करायची.

ताज्या उल्केवर वितळून तयार झालेलं काळं, बहुतेक मंद चमकेचं कवच असतं, सहसा एक मिलिमीटरहून पातळ, आणि फुटलेल्या जागी आतला भाग फिकट राखाडी दिसतो. म्हणजे बाहेर काळी, आत फिकट. झिजलेला बेसॉल्ट नेमका उलटा: बाहेर तपकिरी आणि जाड साल, आत काळा. ही एक खूण निम्मे दावे निकालात काढते. पृष्ठावर अंगठ्यानं दाबल्यासारखे उथळ खळगे असू शकतात, पण उल्केच्या आत बुडबुड्यांची छिद्रं नसतात. ताज्या फुटीवर गोल छिद्रं दिसली तर लाव्हा किंवा मळी म्हणा.

यानंतर विशिष्ट गुरुत्व, पण पाण्यात न बुडवता. दगड प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत हवा काढून घट्ट गुंडाळा आणि मग बुडवा. थोडी हवा राहतेच, त्यामुळे आकडा किंचित कमी येतो. ३ च्या आत आला तर सामान्य काँड्राइटची आशा सोडा.

आकडा ३.३ च्या वर असेल, चुंबकाची ओढ स्पष्ट असेल आणि कवचही जुळत असेल तर एका कोपऱ्याला खिडकी काढा. २२० नंबरचा वॉटर पेपर काचेवर पसरून कोरडाच घासा, एक सेंटिमीटरचा सपाट भाग तयार होईपर्यंत. मग ४००, मग ६००. भिंगातून तिरप्या उजेडात पाहा. काँड्राइटमध्ये राखाडी पार्श्वभूमीवर चांदीसारखे चमकणारे, वेड्यावाकड्या कडांचे धातूचे ठिपके सगळीकडे विखुरलेले असतात आणि मधूनमधून मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान गोल दाणे. बेसॉल्टमध्ये धातू दिसत नाही. फेल्डस्पारचे बारीक पांढरे कण चमकतात, पण दगड हलवला की त्यांची चमक विझते, धातूची इतक्या सहज विझत नाही. भट्टीच्या मळीत धातू असला तर तो गोल थेंबांच्या रूपात आणि शेजारी छिद्रं.

या सगळ्यात शक्तिशाली निओडिमियम चुंबक वापरू नका. खरी उल्का असेल तर तिच्यात साठलेली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते आणि संशोधकांच्या दृष्टीनं मोठंच नुकसान होतं. फ्रिजवरचं साधं चुंबक पुरेसं आहे.

खिडकीत धातू दिसला तर आणखी घासणं थांबवा. दगड ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. त्यांच्या मध्य विभागाचं कार्यालय नागपूरला आहे आणि देशातल्या उल्कांचं जतन करणारी संस्था तीच. अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा अशा नमुन्यांचा सखोल अभ्यास करते.

हमखास फसवणारे

वीटभट्टीतला खंगर: काचेसारखा वितळलेला, जड वाटणारा, काळा-हिरवा. साखर कारखान्याच्या बॉयलरमधली मळी (उसाच्या रसाची नव्हे, राख वितळून झालेली): छिद्रांची, काचेची, रस्त्याच्या भरावात सर्रास. लोखंडाची धातुमळी: चुंबकाला ओढ, प्रवाहाच्या खुणा, कधी निळसर काच. हिरवी काच वितळून झालेले गोळे पाचू म्हणून फिरतात. त्यांना भिंगाखाली गोल बुडबुडे दिसतात.

दगडाच्या भेगेवर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसली तर ते जीवाश्म पान नाही, मँगनीजच्या संयुगांची वाढ आहे. खऱ्या पानाला मधली शीर असते, ही नक्षी नुसती फाटे फोडत पसरते. आणि अंड्याबद्दल: लाव्हाच्या खडकात डायनासोरची अंडी मिळत नाहीत. ती बेसॉल्टखालच्या लॅमेटा नावाच्या गाळाच्या थरांत मिळू शकतात. तिथंही गोल आकाराला महत्त्व नाही. बाहेर काही मिलिमीटर जाडीचं कवच, भिंगाखाली त्याची दाणेदार नक्षी, हे दिसायला हवं.

पूर्व विदर्भ, कोकण आणि गोवा

नागपूर-भंडारा पट्ट्यातला काळा, हाताला काळिमा लावणारा, ४.५ च्या वरचा दगड बहुधा मँगनीजचं धातुक. कस काळा, चुंबकाला सहसा दाद देत नाही. भंडाऱ्याकडे निळसर, लांब पात्यांचं खनिज मिळालं तर कायनाइटची सोपी परीक्षा आहे: पात्याच्या लांबीच्या दिशेनं काच त्याला ओरखडते, आडव्या दिशेनं नाही. एकाच स्फटिकाची दोन दिशांना इतकी वेगळी कठिनता फार थोड्या खनिजांत असते. गोव्यात आणि सिंधुदुर्गातल्या रेडीकडे तांबड्या-राखाडी पट्ट्यांचा जड दगड म्हणजे लोहयुक्त पट्टित खडक. पोलादी पट्ट्यांचा कस तांबडा येतो आणि फिकट पट्टे काचेला ओरखडतात. जांभ्यातले वाटाण्याएवढे गोल लोहखडे छऱ्यांसारखे दिसतात, पण ते जांभ्यातच तयार झालेले असतात.

इथवर येऊनही नाव ठरलं नाही तर

वहीतल्या नोंदी घेऊन भूविज्ञान विभाग असलेल्या महाविद्यालयात जा. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालय आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, मुंबईत सेंट झेवियर्स. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय स्फटिकांच्या आकारांशी स्वतःच ताडून पाहायला चांगलं. नुसता फोटो पाठवून ‘हे काय आहे’ विचारलं तर उत्तरही अंदाजाचंच मिळतं. फोटोबरोबर जागा, कठिनता, कस, विशिष्ट गुरुत्व, चुंबक आणि आम्लाचा प्रतिसाद, एवढं लिहून पाठवा.

प्रयोगशाळेला मुठीएवढा, ताज्या फुटीचा तुकडा लागतो. सालीचा चालत नाही. खडक ओळखायचा असेल तर ते ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप करून ध्रुवीकरण सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सुयांच्या झिओलाइटसारखं खनिज ओळखायला क्ष-किरण विवर्तन (क्ष-किरणांनी स्फटिकाची आतली रचना ओळखणं) लागतं आणि त्याला भुकटीची चिमूट पुरते. नुसतं रासायनिक पृथक्करण करून घेऊ नका: स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइटमध्ये मूलद्रव्यं तीच असतात, फरक मुख्यतः रचनेचा असतो, आणि पैसे खर्चूनही प्रश्न तिथंच राहतो. नमुन्याचा अर्धा भाग घरी ठेवा, कारण कापलेला आणि कुटलेला भाग परत मिळत नाही. दोन्ही भागांवर एकच क्रमांक टाका. पांढऱ्या ऑइलपेंटचा ठिपका, वाळला की त्यावर काळ्या शाईनं क्रमांक, आणि वरून पारदर्शक नेलपॉलिशचा हात. कागदी चिठ्ठ्या पहिल्याच पावसाळ्यात कसर खाऊन टाकते.